दुमडीच्या आतले ठिपके

३ नोव्हेंबर, सोमवार

चौथ्या दिव्याला ठिपके नाहीत!

तीनदा पाहिलं. भिंग घेऊन, खिडकीशी नेऊन, शेवटी बोटाचं टोक आतून फिरवून. नाहीत म्हणजे नाहीत. बाकीच्या सहांना आहेत.

नीट लिहून ठेवते. पुढे उपयोगी पडेल.

संग्रहालयाच्या सायकल-दालनात युद्धकाळातले सात दिवे आहेत. ब्लॅकआउटमध्ये सायकलीचा उजेड वरून विमानाला दिसू नये म्हणून दिव्याच्या काचेवर काळ्या पत्र्याची टोपी चढवत. टोपीला मधोमध आडवी फट, आणि फटीला त्याच पत्र्याची बाहेर काढलेली पापणी. नऊ वर्षांपूर्वी गावातल्या डॉक्टरांनी भंगारवाल्याकडून हे सात दिवे उचलले आणि आम्हाला देऊन टाकले. ओळख पटवायचं काम माझ्याकडे आलं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून इथली नोंदवही मीच सांभाळते, आणि फुकट सांभाळते, म्हणून कोणाची बोलायची हिंमत नाही.

जुना दिवा ओळखणं म्हणजे बाहेरून बघणं नव्हे. काळा रंग कोणीही फासतं. मी टोप्या काढल्या, काठाच्या दुमडीत भिंग घातलं, आणि आत ठिपके सापडले. खिळ्याने ठोकलेले, दोन गटांत. एक ठिपका, मोकळी जागा, चार ठिपके. दोन, जागा, एक. तपासनिसाची खूण! नोंदवहीत तसं लिहिलं — "बहुधा कारखान्याचा क्रमांक व पाळी." बाहेर खूण केली की लबाड माणूस ती बघून उतरवतो. दुमडीच्या आत केली की त्याला पत्ताच लागत नाही. जो कोणी तपासनीस होता, हुशार होता. मी असते तर तिथंच केली असती.

आता नोंदवही म्हणते, "सातही टोप्यांत ठिपके." आणि चौथी टोपी कोरी.

गेल्या मार्चमध्ये सगळे दिवे समोरच्या सायकलवाल्याकडे गेले होते, क्लॅम्प सैल झाले होते म्हणून. पाच दिवस त्याच्या दुकानात होते. त्याआधी आणि त्यानंतर कपाटाबाहेर नाहीत.

पाच दिवसांत एक टोपी सहज बनते. अस्सल ठेवून घ्यायची, नक्कल परत करायची. ठिपक्यांचं त्याला माहीतच नाही. मी कोणाला सांगितलेलंच नाही.

एकोणीस तारखेला समितीची बैठक. सायकल-दालन कायमचं त्याच्या हवाली करायचं ठरणार आहे. किल्ली आताच त्याच्याकडे असते!

४ नोव्हेंबर, मंगळवार

दुकानात जाऊन आले. निमित्त सूनबाईच्या सायकलच्या घंटीचं.

मला बघताच त्याने हातातलं काहीतरी फडक्यात गुंडाळून बाकाखाली सरकवलं. सरळ दिसलं मला.

"या बाई. आज चालत?"

"मी रोजच चालते."

"घंटी काल मी नीट करून दिली की सूनबाईंना."

घ्या! सूनबाईने मला सांगितलं नाही. म्हणाले, "पुन्हा बिघडली." खोटं बोलायचा प्रसंग आणला त्याने माझ्यावर.

साठीचा माणूस. खिशात कायम बेअरिंगचे छर्रे, बोलताना ते बोटांत फिरवत असतो. माणूस सभ्य दिसतो. सभ्य दिसणाऱ्यांचा मला जुना अनुभव आहे. परीक्षेत कॉपी करताना सापडलेल्यांत निम्म्या पहिल्या बाकावरच्या होत्या.

निघताना बाकाच्या कडेला बघून घेतलं. काळ्या रंगाचा डबा, झाकण उघडं. पत्रा कापायची कात्री. आणि भिंतीला टेकून पत्र्याचा एक चौकोनी तुकडा — मधून वाटोळा भाग कापून नेलेला. वाटोळा! दिव्याच्या काचेएवढा.

"हे काय चाललंय?"

"किरकोळ, बाई. झालं की दाखवीन."

झालं की दाखवशील. मला आत्ताच दिसतंय.

५ नोव्हेंबर, बुधवार

दालनात जाऊन बसले. माणसं येतात, दिवे बघतात, पुढे जातात. नकली कोणता हे एकालाही कळणार नाही. फसवणाऱ्याचं फावतं ते यामुळेच.

बैठकीआधी दालनातल्या सगळ्या माहितीपट्ट्या नव्या करायच्या आहेत. उभी राहणारी पट्टी — जाड कागद, मधे तीन बाजूंनी कापायचं, चौथी बाजू दुमडायची, की जीभ बाहेर येते आणि तिच्यावर क्रमांक लिहिता येतो. नमुना काढून कारकुनाला दिला. बजावलं, "अखंड रेघ म्हणजे कापा, तुटक रेघ म्हणजे दुमडा." एकतीस वर्षं हे एक वाक्य बोलले असेन. झोपेतून उठवलं तरी बोलेन.

"हो मॅडम," म्हणाला. ऐकलं की नाही देव जाणे. चहाकडे डोळा होता.

६ नोव्हेंबर, गुरुवार

चाळीस पट्ट्या वाया! सगळ्या जिभा खालून निघाल्यात. जिथं दुमडायचं तिथं कापलंय, जिथं कापायचं तिथं दुमडलंय. पट्टी उभी केली की जीभ खाली लोंबते आणि क्रमांक जमिनीकडे बघतो.

"डोळे होते कुठे?"

"मॅडम, मी तुमच्या रेघांवरूनच कापलं हो."

"उलट बोलू नका. पुन्हा करा."

तोंड पाडून गेला. चाळीसच्या चाळीस चुकतात? एखादी तरी बरोबर यायला नको? मला तर वाटतं मुद्दाम केलं. त्याचं आणि सायकलवाल्याचं मेतकूट आहे. दुपारचा चहा दोघं एकत्र घेतात. माझं लक्ष दिव्यांवरून हटावं म्हणून हे उद्योग असतील तर मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही.

वाया गेलेल्या पट्ट्या टाकल्या नाहीत. नमुन्यासकट खणात ठेवल्या. पुरावा म्हणून.

८ नोव्हेंबर, शनिवार

सूनबाईला हळूच विचारलं, सायकलवाला माणूस म्हणून कसा आहे.

"कसा म्हणजे? छान आहेत. का हो आई?"

"उगीच."

"तुम्ही उगीच काही विचारत नाही. काय केलं त्यांनी?"

"केलं असं कोण म्हणालं?"

हसली. "आई, तेलाच्या बाटलीवर तुम्ही पेन्सिलीने रेघ मारून ठेवता ना, ती मला पहिल्याच आठवड्यात दिसली होती. मी ती खोडते आणि तेल वापरून झालं की खाली नवीन मारते."

सहा वर्षं! सहा वर्षं ही बाई माझी रेघ सरकवतेय आणि मी समजतेय की घरात तेल जपून वापरतात. मुलगा पलीकडे पेपरात तोंड घालून खिदळत होता. त्यालाही ठाऊक होतं म्हणजे.

पण बघा — मला शंका आली नाही, म्हणूनच फसले. शंका घेण्यात चूक नसते, कमी घेण्यात असते. आमच्या मुख्याध्यापिकांनी मला नोकरीच्या सुरुवातीलाच खोलीत बोलावून सुनावलं होतं, "मुलींवर इतका अविश्वास बरा नव्हे." कशावरून ते आता आठवतही नाही. रडू आलं होतं एवढं आठवतं. नोकरी पक्की व्हायची होती.

हे असते तर म्हणाले असते, तुला पोलिसात घ्यायला हवं होतं.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज सरळ विचारलं. म्हणजे ठिपक्यांचं सांगितलं नाही. तो हुकमाचा पत्ता. नुसतं म्हटलं, "चौथ्या दिव्याची टोपी मार्चमध्ये तुम्ही काढलीत?"

"काढली की. अडकून बसली होती. आठ दिवस तेल सोडत होतो इथंच कपाटात, मग दुकानात नेल्यावर सुटली."

"अडकून कशी असेल? मी नऊ वर्षांपूर्वी सगळ्या काढून पाहिल्यात."

छर्रे फिरायचे थांबले. हे मी टिपलं.

"मग पुन्हा गंजली असेल, बाई. पण खूप जुना गंज होता. हे बघा." चौथा दिवा घेतला, टोपी काढली. दिव्याच्या कडेला गंजाचं कडं, तसंच कडं टोपीच्या आत. दोन्ही जुळवून दाखवली. डब्याला झाकण बसावं तशी. "पुसून टाकणार होतो. मग म्हटलं राहू दे दोन बोटं, पुढे कोणी तपासलं तर. बाकीच्या सहांना असं कडं नाहीये, पाहिलंत?"

"गंज मिठाच्या पाण्यानेही आणता येतो."

"येतो," म्हणाला. "आणायचा कशाला पण?"

टोपी त्याच्या हातून घेतली. आणायचा कशाला ते तुलाच माहीत.

म्हणजे त्याला सहांना कडं नाही हेही ठाऊक आहे. इतकं बारीक बघून ठेवलंय. नक्कल करणाराच इतकं बारीक बघतो.

टोपी अडकलेली होती म्हणे!

११ नोव्हेंबर, मंगळवार

अहवाल लिहिला. दोन पानं. एकही विशेषण नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

अध्यक्षांना अहवाल दिला. चष्मा लावून दोनदा वाचला. गृहस्थ मुळात भिडस्त, हो-नाही करत बसले.

"बाई, खात्री आहे ना? बावीस वर्षं त्यांचं दुकान समोर आहे हो."

"समोर आहे म्हणून तर दिवे त्यांच्याकडे गेले."

"नाही, म्हणजे — तक्रार करायची म्हणजे गावभर होणार. त्यांच्या दुकानात पुन्हा कोण पाय ठेवील?"

"नोंदवही सांगते सात, कपाटात आहेत सहा. मी नाही म्हणत, नोंदवही म्हणते."

संग्रहालयाचा छापील नमुना आहे हरवलेल्या वस्तूंचा. त्यात शेवटी एक रकाना — "संशयित". अध्यक्ष म्हणाले तो तूर्त कोरा ठेवू. मी म्हटलं, मला रकाने कोरे ठेवायची सवय नाही. त्यांच्यासमोर त्याचं नाव लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

एकोणीसला समितीपुढे ठेवणार. मग पोलिसांकडे. दालन त्याला मिळायचा प्रश्नच उरला नाही. तोपर्यंत किल्ली काढून घ्यायची ठरली. कारकुनाला पाठवलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

किल्ली पाकिटातून आली. चिठ्ठी नाही. पाकिटात किल्लीबरोबर एक बारीक स्क्रू, कागदात गुंडाळलेला. कागदावर, "दिवा क्र. ४. जुना. जपून ठेवला होता, बसवायचा राहिला."

हा काय डाव आहे?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

लिहू की नको.

समितीपुढे न्यायला नऊ वर्षांपूर्वीची कच्ची वही शोधली. ती असलेली बरी — पक्की नोंद कशावरून केली ते दाखवता येतं. कपाटाच्या तळाशी सापडली. माझंच अक्षर.

"१ — ठिपके १, ४. २ — ठिपके २, १. ३ — ठिपके ३, ६. ४ — टोपी निघत नाही. बहुधा तसेच. ५ — ठिपके १, ९."

टोपी निघत नाही. बहुधा तसेच.

बहुधा!

न पाहिलेलं वाचन वहीत लिहिलं म्हणून मी मुलींना प्रात्यक्षिकात नापास केलंय. एकीची आई रडत घरी आली होती, तिला दारातून परत पाठवलं होतं मी. आणि इथं मी सहा बघून सात लिहिले!

म्हणजे टोपी अडकलेली होती. एवढं त्याचं खरं.

पण एवढ्याने तो सुटत नाही. आत ठिपके होते की नव्हते, कोणी पाहिलंय? त्याने काढली तेव्हा असतीलही. फडक्यात गुंडाळलेलं काय होतं? वाटोळा पत्रा कुठे गेला? एक चूक माझी निघाली म्हणून त्याची चोरी धुऊन निघत नाही.

तसं म्हटलं तर सांगायला हवं अध्यक्षांना. सोमवारी बघू.

१५ नोव्हेंबर, शनिवार

कच्ची वही खणात. खणाला कुलूप.

सूनबाई जेवताना म्हणाली, "सायकलवाल्यांचं दुकान दोन दिवस बंद आहे. माझं चाक पंक्चर, आता कुठे नेऊ?"

मी वाढून घेतलं. माझ्याकडे टक लावून बघत होती.

"आई, रेघ मारलीत वाटतं कोणावर?"

 मी ताट उचललं आणि मोरीत नेऊन ठेवलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज तो आला. सकाळी अकराला, इस्त्रीचा सदरा घालून. कारकून मागे मागे.

अध्यक्षांनी त्याला सांगितलंच शेवटी. भिडस्त माणसाच्या पोटात काही राहत नाही.

माझ्या टेबलासमोर उभा राहिला. बस म्हटलं नाही, बसलाही नाही.

"बाई, चोर म्हणालात ते ऐकलं. कशावरून म्हणालात तेवढं सांगा. शिक्षा देण्याआधी तुम्ही मुलींनाही सांगत असाल."

काय करायचं? हुकमाचा पत्ता टाकला. एक, दोन, तीन, पाच, सहा, सात — टोप्या ओळीने मांडल्या, भिंग दिलं, ठिपके दाखवले. मग चौथी.

त्याला वेळ लागला. भिंग उलटसुलट केलं, खिडकीशी गेला. मी चेहऱ्याकडे बघत होते. दचकला नाही. कोड्यात पडल्यासारखा दिसला.

"हे कारखान्याचे नाहीत," म्हणाला. "कारखान्यात पंच असतो. एकसारखे उठतात. हे खिळ्याचे. ही बघा, हिने खोल ठोकलेत. हिचे वाकडे. प्रत्येक टोपी वेगळ्या हाताची आहे."

"वेगवेगळ्या तपासनिसांनी तपासलेली."

"असेल. पण बाई, तुम्ही यांच्या पापण्या पाहिल्यात?"

पाहिल्यात म्हणजे? नऊ वर्षं पाहतेय. नोंदवहीत आहे — सहा टोप्यांत पापणी फटीच्या खालून, एकीत वरून, दोन प्रकार प्रचलित होते.

"प्रकार नाहीत हो ते. मार्चपासून हे बोलायचं होतं मला, पण तुमची नोंद, म्हटलं मी कोण. जरा त्या आतल्या खोलीत चला. झडपा लावू."

सामानाच्या खोलीत गेलो. कारकुनाने झडपा लावल्या. दिवसाढवळ्या मिट्ट काळोख झाला. त्याने खिशातून एक बल्ब आणि सेल काढला, चौथ्या दिव्यात बसवला, हँडलच्या उंचीवर धरला. पावलांपुढे जमिनीवर उजेडाची रुंद पट्टी पडली. छत काळं. दिसणार कोणाला वरून? कोणालाच नाही.

मग त्याच दिव्यावर दुसऱ्या क्रमांकाची टोपी चढवली. टोपीला वर खाच असते, ती दिव्याच्या काठावरच्या खुंटीवर बसते, त्यामुळे फिरवून बसवायची सोय नाही. हात पूर्वीइतकाच उंच धरला.

जमीन गेली. पाय दिसेनात. छत मात्र लख्ख उजळलं.

"मॅडम, जळमटं काढायला हवीत," कारकून म्हणाला.

सहाही लावून दाखवल्या. सहाही वेळा छत.

झडपा उघडल्या. एका खोक्यावर बसले. भौतिकशास्त्र शिकवलं मी! फटीखाली ताट धरलं तर उजेड खाली जाईल कसा? हे आठवीच्या मुलीला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. पण मला कधी कोणी विचारलं नाही, आणि मी ठिपके मोजत बसले.

तो अगदी हळू बोलत होता. "पापणी वरून हवी. म्हणजे वरची बाजू दुमडायची आणि बाकी तीन कापायच्या. इथं खालची दुमडलीय. असा दिवा लावून युद्धात कोणी बाहेर पडलं असतं तर पहिल्या चौकात धरलं असतं. बाई, सहा जणांनी सहा चुका केल्या असत्या तर मी गप्प बसलो असतो. सहाही जणांनी एकच चूक केलीय. म्हणजे हात सहा असतील, पण शिकवणारा एकच. आणि त्याला सायकल चालवता येत नसणार."

कारकून फिस्सकन हसला. मला सायकल येत नाही हे त्याला ठाऊक आहे. हसण्यासारखं काय होतं त्यात?

मी म्हटलं, "आणि फडक्यात गुंडाळलेलं काय होतं? चार तारखेला?"

पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. पत्र्याची टोपी. नवी, काळी, गुळगुळीत. पापणी वरून. आतल्या बाजूला रंगाने ठळक लिहिलेलं — "नक्कल."

"समितीच्या गेल्या सभेत तुम्हीच म्हणाला होतात, मुलांना हाताळायला एक वेगळी करून ठेवा, खऱ्यांना हात लागायला नको. तुमची नजर कडक. पुरी झाल्याशिवाय दाखवायची भीती वाटली."

म्हणाले होते. तेही मीच म्हणाले होते.

तो गेला. दुकान उघडायला नाही. घरी. जाताना म्हणाला, "चौथा दिवा सांभाळा. तुमच्याकडे खरा तो एकच आहे."

संध्याकाळ झाली तरी हे डोक्यातून जात नाही. म्हणजे सहा टोप्या नकली! दिवे जुने, टोप्या कोणीतरी मागाहून करून चढवलेल्या. त्यांच्या आत खोट्या खुणाही ठोकलेल्या, आणि खुणा तरी कशा, दुमडीच्या आत, मुद्दाम लपवून. हे अजाणता झालेलं नाही. यामागे कोणीतरी पद्धतशीर माणूस आहे. हाताखाली सहा जण ठेवून, नमुना देऊन, मोजून-मापून करवून घेणारा. डॉक्टर तर नव्हेत? भंगारवाल्याचं नुसतं नाव पुढे करायला काय जातं? त्यांनी कधी पावती दाखवलेली नाही.

सायकलवाल्याच्या बाबतीत माझं चुकलं असेल. उद्या अध्यक्षांना कच्ची वही दाखवते. पण त्या शिकवणाऱ्याला मी शोधून काढणार. कोणी का असेना. सोडणार नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सापडला.

कच्ची वही काढायला खण उघडला. वहीवर पाच तारखेचा पट्टीचा नमुना पडला होता, माझ्या हाताने काढलेला. वरची बाजू अखंड, खालची तुटक. रेघा मीच उलट काढल्या होत्या. कारकुनाने चाळीस पट्ट्या अगदी बरोबर कापल्या. चाळीसही जिभा खालून. सहा पापण्यांसारख्या.

मग सगळं एकदम आठवलं. नोकरीचं दुसरं वर्ष. विज्ञान प्रदर्शन. शाळेच्या शिपायाने वडिलांचा युद्धातला दिवा आणून दिला होता, टोपी घट्ट बसलेला. तोच हा चौथा. तो समोर ठेवून मी फळ्यावर आकृती काढली. नववीच्या मुलींनी घरोघरचे जुने दिवे आणले आणि आकृतीवरून पत्रा कापला. अखंड रेघ म्हणजे कापा, तुटक रेघ म्हणजे दुमडा. आणि एकीने दुसरीची टोपी आपली म्हणून दाखवू नये म्हणून प्रत्येकीला दुमडीच्या आत, खिळ्याने, स्वतःचा हजेरी क्रमांक ठोकायला लावला. एक, जागा, चार — चौदा. दोन, जागा, एक — एकवीस. त्यावरूनच मुख्याध्यापिकांनी बोलावलं होतं. दिवे शाळेच्या अडगळीत गेले, तिथूनच पुढे भंगारात गेले असणार. त्यानंतर ते सगळं मी मनातून पुसून टाकलं, इतकं पक्कं, की पुन्हा समोर आलं तेव्हा मीच त्याला तपासनीस म्हटलं.

नऊला सायकलवाल्यांच्या घरी गेले. दार त्यांनीच उघडलं. किल्ली हातात दिली, जे होतं ते सांगितलं. छर्रे फिरत होते, थांबले. म्हणाले, "आत या बाई, चहा टाकायला सांगतो." मी आत गेले.

तिथून संग्रहालयात आले. चौथ्याचा स्क्रू त्यांनाच बसवायला ठेवलाय. छापील नमुन्यावरच्या "संशयित" रकान्यातलं त्यांचं नाव एका रेघेत खोडलं. रकाना कोरा राहिला.

भरला. पूर्ण नाव, हुद्द्यासह. अक्षर नेहमीसारखं चांगलं आलं नाही.